चांगोच्या दोनशे बारा खुणा

चांगो हिलमला कुणाचा पत्ता विचारला की तो आधी विचारायचा, "महिना कोणता चाललाय?" नव्या माणसाला वाटायचं, ह्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण त्याचं डोकं चांगलं ठिकाणावर होतं. पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या कडेनं ज्या वाड्या आहेत, तिथली माणसं पावसाळ्यात वाडीत असतात आणि दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट मे महिना सरेपर्यंत. तेवढे महिने वाडीत उरतात चारदोन म्हातारी आणि कुत्री. बरं, भट्टी तरी एका जागी असावी? नाव नको. शेठ यंदा ह्या शेतात भट्टी लावणार, माती संपली की पुढच्या साली भलत्याच गावाच्या हद्दीत. अशा माणसांचा आधार कार्डावरचा पत्ता अर्धं वर्ष खोटा असतो आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

चांगो स्वतः त्यांच्यातलाच, कातकरी. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला, खडीच्या डंपरवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. आता वय छप्पन्न. गेली अकरा वर्षं सुकापूरच्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची गाडी त्याच्याच हातात होती. तो दारू पीत नसे. हे ऐकून ऑफिसातली माणसं "अरे वा" म्हणायची, आणि त्या "अरे वा"चा चांगोला असा संताप यायचा की विचारू नका. स्वतः ती माणसं शनिवारी खारघरला काय पितात हे त्यानंच त्यांना घरी सोडताना पाहिलं होतं.

ह्या गाडीच्या काचेला एक जीपीएस चिकटवलेलं होतं. गाडी देणगीत आली तेव्हा तेही तिच्याबरोबर आलेलं. बोटभर जाडीची फ्रेम, मध्ये पत्त्याच्या कॅटएवढा पडदा. बॅटरी कधीच गेलेली, गाडीच्या चार्जरवर जिवंत. ऑफिसातले सगळे त्याला डबडं म्हणायचे. पण नेरे गाव मागे पडलं की सगळ्यांच्या महागड्या फोनची रेंज जायची, फोनवरचा नकाशा पांढराफटक व्हायचा, आणि डबडं मात्र चालू. त्याला रेंज लागत नव्हती, नकाशा त्याच्या पोटातच होता.

त्या नकाशात वाड्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. डोंगर सुरू झाला की पडद्यावर नुसता हिरवा रंग. तर चांगोनं काय केलं, पहिल्याच वर्षी खटपट करून शोधून काढलं की पडद्यावर बोट दाबून धरलं की तिथे लाल निशाणी उमटते आणि तिला नाव देता येतं. झालं. दर वाडीला एक खूण. मग भट्ट्या. दर डिसेंबरात तो एकेक कुटुंब कुठे गेलं ते विचारत हिंडायचा, भट्टीवर पोचला की गाडी बंद करायच्या आधी बोट दाबायचा आणि एकेक इंग्रजी अक्षर हुडकून नाव लिहायचा. नाव भट्टीवाल्याचं नाही, तिथल्या पेशंटचं. "शेठचं नाव लिवून काय करू? शेठला कुटं ताप येतो?" असं म्हणायचा. जुनी भट्टी विझली की तिची खूण काढायची, नवी लागली की घालायची. अशा ह्या जानेवारीत एकूण दोनशे बारा खुणा होत्या. अकरा वर्षांत त्याचं कौतुक कुणी केलं नाही आणि त्यानंही कुणाला दाखवलं नाही.

त्यातली एक खूण साळूची.

साळू असेल बावीस-तेवीसची. तिला लहानपणापासून फिट यायची. सासरी आली तेव्हा सासूनं, मालूनं, वारं लागलंय म्हणून भगताला बोलावलं. भगतानं सहा वर्षं धूप घातला, कोंबडे घेतले, दोरे बांधले, आणि साळू सहा वर्षं पडत राहिली, कधी चुलीपाशी, कधी पाणवठ्यावर. एकदा दवाखान्याच्या रांगेत चांगोच्या समोरच पडली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. मालूनं त्या ओसरीवरून फेकून दिल्या. मग चांगो पाच वेळा त्यांच्या अंगणात जाऊन बसला. पाचव्यांदा म्हणाला, "भगताला सा वर्सं दिलीस. मला सा महिने दे."

मालूनं दिले. त्या सहा महिन्यांत साळू एकदाही पडली नाही, आणि पुढे दीड वर्ष. डोक्यावर विटा वाहू लागली, एकटी पाण्याला जाऊ लागली, बोलायलाही लागली. पण गाडीवरच्या नर्सनं, दिपानं, बजावून सांगितलं होतं की ह्या गोळ्या एकदम तुटल्या तर फिट पहिल्यापेक्षा जोरानं येते. महिन्याचं पाकीट संपायच्या आत दुसरं पोचलंच पाहिजे. चांगोनं मालूला शब्द दिला होता, "ती जिथं जाईल तिथं गोळ्या येतील. नाय आल्या तर माझं थोबाड फोड."

ह्या साली मालूचं कुटुंब अशा भट्टीवर गेलं जिथे वाडीतलं आधी कुणीच गेलेलं नव्हतं. मोठ्या रस्त्यावरून आत, कालव्याच्या कडेनं, मग शेतातून तीन वळणं. मालूचा दीर गाडीत बसून दाखवायला आला तेव्हा कुठे सापडली. चांगोनं बोट दाबलं, साळूचं नाव लिहिलं आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. तो जानेवारीचा पहिला आठवडा होता. पुढच्या गोळ्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हव्या होत्या.

आणि फेब्रुवारीच्या तोंडावरच चांगोच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख आली. महिनाभर त्याला गाडी चालवायची बंदी. त्याच्या जागी एजन्सीनं रोडपालीचा कल्पेश नावाचा ड्रायव्हर दिला. तिशीचा, हात साफ, पण त्यानं आयुष्यात डोंगर पाहिला तो हायवेवरून. चांगोला घोर लागला. त्यात डबड्यातला नकाशा अकरा वर्षांचा शिळा. पनवेलभोवती एवढे नवे रस्ते आणि पूल झालेत की पुलावर गाडी असली तरी डबडं म्हणायचं तुम्ही शेतात आहात, मागे फिरा. चांगो हसून सोडून द्यायचा, पण कल्पेश खरंच मागे फिरला असता. म्हणून चांगोनंच ऑफिसात जाऊन धोशा लावला, मी जायच्या आत त्यात नवीन नकाशा भरा.

हे काम सत्यजीतकडे आलं. सत्यजीत म्हणजे नवा कोऑर्डिनेटर, खारघरचा, समाजकार्याची मोठी पदवी घेतलेला, रुजू होऊन तीन महिने झालेले. वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. चांगोला "काका" म्हणायचा, बसायला खुर्ची द्यायचा. त्यानं मंगळवारी, गाडीच्या सुट्टीच्या दिवशी, डबडं लॅपटॉपला जोडलं. पाचेक मिनिटांत लॅपटॉपनं सांगितलं, जागा अपुरी आहे.

"काका, ह्याचं पोट लहान आहे," सत्यजीत म्हणाला. "नवा नकाशा मोठा आहे. जुनं काहीतरी काढावं लागेल."

पडद्यावर यादी आली. बोलणाऱ्या बायकांचे आठ भाषांतले आवाज. गाडीची वेगवेगळी चित्रं. मोठ्या शहरांतल्या इमारतींचे देखावे. सत्यजीत भराभर टिक करत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. "हे काय? सेव्ह केलेली ठिकाणं, दोनशे बारा?"

"त्या माझ्या खुणा," चांगो म्हणाला. "वाड्या हायेत. भट्ट्या हायेत."

"अहो, पण नव्या नकाशात सगळं येणारच ना. नवीन सर्व्हे झालाय. वाड्या, भट्ट्या, टपरीसुद्धा. सॅटेलाइटवरून सगळं दिसतं आता."

हे सत्यजीतनं तपासलं नव्हतं. त्याला तसं वाटत होतं, आणि आपल्याला वाटतं ते खरंच असतं अशी त्याला शाळेपासून सवय होती.

आता चांगोसारख्या माणसानं ह्यावर विश्वास का ठेवावा? तर त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी टपावर कॅमेरा लावलेली एक गाडी घेऊन नकाशावाली दोन पोरं पनवेलला आली होती. चांगोनं स्वतःची रजा टाकून दोन दिवस त्यांना चाळीस वाड्या फिरवल्या. प्रत्येक वाडीचं नाव, तिथे घरं किती, पावसात गाडी कुठपर्यंत जाते, सगळं सांगितलं. टोपीवाल्या पोरानं सगळं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाला, "अंकल, अगले मॅप में सब आ जाएगा." चांगोनं ते वाडीत येऊन सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. आपलं नाव छापून येणार म्हणून. अकरा वर्षं ज्यानं एकेक अक्षर दाबून ती नावं लिहिली, त्याला एकदा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आपल्या वाडीचं नाव बघायचं होतं. ह्यात त्याचं काय चुकलं ते मला सांगा.

लॅपटॉपनं विचारलं, कायमचं काढून टाकायचं? हो की नाही? सत्यजीतनं खुर्ची सरकवली. "तुमचं आहे काका, तुम्हीच दाबा." त्याच्या मते हा मान होता.

चांगोनं "हो" दाबलं.

नकाशा भरायला तीन तास लागले. गेटपाशी गाडीला डबडं लावून पाहिलं तर नवा पूल बरोब्बर पुलाच्या जागी. चांगो खूश झाला. वाडीचं नाव शोधावं असं त्याच्या मनात आलं, पण हॉस्पिटलमधून भरती होण्यासाठी फोन आला आणि ते राहिलं. कल्पेशच्या हातात किल्ली देताना म्हणाला, "आता डोळे झाकून चालव. ह्याच्यात सगळं हाय." साळूच्या गोळ्यांची तारीख मात्र त्याला तीनदा सांगितली.

ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, उन्हात जायचं नाही. चांगो काळा चष्मा लावून वाडीतल्या घरात बसून राहिला. वाडीत फोनला रेंज नाही. रेंज यायची ती वरच्या टेपाडावर, आणि बायको शोभा त्याला टेपाड चढू देईना. तरी त्याला काळजी नव्हती. मनात रोज गाडीबरोबर फिरायचा, आज मंगळवार, सुट्टी, आज बुधवार, कालव्याकडचा फेरा. शोभाला म्हणायचा, "आज साळूकडं पोचला असंल." आठवून आता त्याला स्वतःचीच कीव येते.

मार्चच्या एक तारखेला तो कामावर हजर झाला. नेहमीसारखं आधी रजिस्टर उघडलं. कल्पेशच्या फेऱ्या होत्या, तारखा होत्या, आणि नावांपुढे एकच वाक्य परत परत, लाभार्थी ठिकाणावर नाही. साळूच्या नावापुढे दोनदा. दोन फेऱ्या चुकल्या की नाव यादीतून काढायचं असा संस्थेचा नियम होता, आणि नियमाप्रमाणे तिचं नाव लाल रेघेनं काढलं होतं. अशी एकवीस नावं. कल्पेश समोर उभा होता. म्हणाला, "काका, डबड्यात काहीच नव्हतं हो. मी कसाबसा वाडीवर पोचलो, एक म्हातारा म्हणाला भट्टीवर गेलेत. कुठली भट्टी? त्याला माहीत नाही. तुम्हाला किती फोन लावले, लागतच नाही." दिपा म्हणाली, "मी मागे बंद डब्यात औषधांच्या खोक्यांत बसते चांगोदादा, मला रस्ता कसा कळणार?" खोटं कुणीच बोलत नव्हतं. हीच तर पंचाईत होती, की धरायला कुणाची कॉलर सापडत नव्हती.

चांगोनं गाडीत जाऊन डबडं सुरू केलं. स्वतःच्या वाडीची जागा काढली. हिरवा रंग. बोटानं पडदा सरकवत त्यानं चाळीसही वाड्या बघितल्या. वाड्यांकडे जाणारे रस्ते आता होते, आणि रस्त्यांच्या कडेला नावंही होती, पण ती फार्महाउसांची, रिसॉर्टांची आणि प्लॉटिंगच्या स्कीमांची. ज्या विहिरीपाशी तो टोपीवाला पोरगा त्याच्या हातचं पाणी प्यायला होता तिथे आता एका स्विमिंग पूलवाल्या बंगल्याचं नाव होतं.

खुणा परत मिळाल्या तर साळूकडे लगेच पोचता येईल, एवढ्या एका आशेवर त्यानं गाडी आधी पनवेलला घातली. जुन्या हायवेला रूपेशचं गाड्यांच्या सीटकव्हरचं आणि म्युझिक सिस्टिमचं दुकान होतं. अशी जुनी डबडी अजून हातात धरणारा तो एकटाच. रूपेशनं जोडून पाहिलं आणि मान हलवली.

"गेल्या काका. कॉपी काढून ठेवली व्हती का?"

"नाय."

"पण काढल्या कशाला?"

"नकाशाला जागा व्हईना म्हणून."

रूपेश त्याच्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, त्या खुणांनी जागा जात नाय. दोनशे बारा म्हंजे काय, तुमच्या फोनमधल्या एका फोटोएवढ्या बी नायत. जागा झाली ती आवाज काढले म्हणून. एकेक बाई बोलते ना, वळा म्हणून, तिलाच केवढी जागा लागते. आणि हे बघा, पार आसामपर्यंतचा नकाशा भरलाय. तुमी आसामला जाता काय? नुसता महाराष्ट्र ठेवला असता तर सगळं मावून वर निम्मं पोट रिकामं राह्यलं असतं."

चांगोला रडू आलं नाही, राग आला. एवढा की डबडं रूपेशच्या काउंटरवर आपटून फोडावं. आमची माणसं काढून टाकली आणि त्यानं कुणाची बोटभर जागा झाली नाही, हे त्याच्या डोक्यात घणासारखं बसलं होतं. त्यानं डबडं उचललं, गाडीत ठेवलं आणि त्याचा चार्जर उपटून काढला.

मग तो विचारत निघाला, पूर्वी विचारायचा तसा. कालव्याच्या कडेला गुरं राखणाऱ्याला विचारलं, विटांच्या ट्रकवाल्याला विचारलं, दोनदा भलत्याच भट्टीवर गेला. एका डोळ्यानं नीट दिसत होतं, दुसऱ्यात अजून पाणी यायचं. दिपा मागून विचारत होती, आलं का? दुपारी दोनच्या सुमाराला भट्टी सापडली.

भट्टी लावलेली होती, तिच्या फटींतून धूर निघत होता. मालू चिखल तुडवत होती. चांगोला पाहून तिनं पाय थांबवले नाहीत.

"साळू कुटं हाय?" चांगोनं विचारलं.

"हाय."

साळू झोपडीतून बाहेर आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पाल्याच्या लगद्यानं लिंपून फडक्यात गुंडाळलेला. गळ्यात नवा काळा दोरा. दिपानं पुढे होऊन फडकं सोडायला घेतलं, तर साळू मागे सरली.

"गोल्या संपल्या, आमी आठ दिस वाट बघितली," मालू सांगू लागली. आवाज चढवला नाही तिनं, त्यापेक्षा चढवला असता तर बरं होतं. "मग पडली. राखेवर पडली, वरची थंड, आतली पेटती. मी आन तिच्या नवऱ्यानं वढून काढली. बोटं चिकटली. तू नाय आलास. भगत आला."

"त्याला कुणी सांगितलं तुमी हितं हाव ते?"

"कुणी नाय. दर वर्साला विचारत विचारत येतो तो, चालत." मालूनं पायाखालचा चिखल पाहिला. "थोबाड फोड म्हणाला व्हतास. तेवडी बी ताकद नाय राह्यली."

दिपानं पेटीतून गोळ्यांची तीन पाकिटं काढून चांगोकडे दिली, म्हणाली, तुमचं ऐकेल. चांगो साळूपाशी गेला. दीड वर्षापूर्वी हीच पोरगी त्याला पाहून लांबूनच "मामा" म्हणून हाक मारायला शिकली होती.

"साळू, घे. हात दवाखान्यात दाखवू. चूक झाली. परत नाय व्हणार."

साळूनं पाकिटं डाव्या हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. "भगत सांगत व्हता, तो तुमचा नवीन ड्रायवर वाडीवर जाऊन आला म्हणं. म्हाताऱ्याला बोलला, कागदावर माझं नाव नाय आता. मामा, माझं नाव कुणी काढलं?"

सत्यजीतचं नाव चांगोच्या ओठावर आलं होतं. कल्पेशचं आलं होतं, त्या टोपीवाल्या पोराचं आलं होतं, संस्थेच्या नियमाचं आलं होतं. एकेक करून सगळी नावं त्यानं गिळली.

"मी काढलं," तो म्हणाला. "ह्या बोटानं."

साळूनं त्याच्या बोटाकडे पाहिलं. मग तिनं तिन्ही पाकिटं त्याच्या तळहातावर परत ठेवली.

"मग ज्यांची नावं हायेत त्यांना दे," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं विटा रचायला गेली, कारण मुकादम बघत होता.